बाथरूमची ओल: आधी गीझर, मग भिंत

वाचकाचं पत्र: आम्ही कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहतो. सासऱ्यांनी बांधलेलं दुमजली घर आहे. दोन वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरचं बाथरूम नव्याने केलं. दाराच्या उंचीपर्यंत टाइल्स, वर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट. जुनी काचपट्ट्यांची खिडकी काढून ॲल्युमिनियमची सरकती बसवली. गॅस गीझर आत, दाराच्या शेजारी आहे. मुलगी सात वर्षांची, तिला लगेच सर्दी होते म्हणून आंघोळीला खिडकी लावूनच घेतो. गेल्या महिन्यात दोनदा आंघोळ करून आल्यावर तिचं डोकं दुखलं, मळमळलं. सासूबाई म्हणाल्या पित्त असेल. तर आता प्रश्न ओलीचा. आंघोळ झाली की भिंतींना घाम फुटतो, छतावरून थेंब पडतात. छताच्या पश्चिमेकडच्या कोपऱ्यात काळे ठिपके आलेत, पोपडे निघालेत. पलीकडे बेडरूमच्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर ओल आली आहे, लोणा म्हणजे पांढरं मीठ फुटलंय. खालच्या स्वयंपाकघराच्या छताला मात्र काही नाही. पावसात कपडे वाळत नाहीत म्हणून आत दोरी बांधली आहे. टाइल्स दर महिन्याला ॲसिडने स्वच्छ करून घेते, तरी कुबट वास जात नाही. ठेकेदार म्हणतो, पुरात भिंतींनी पाणी प्यायलंय, सगळं फोडून वॉटरप्रूफिंग करावं लागेल, पाऊण लाख तरी येतील. सासूबाई म्हणतात, आमच्या मोरीला कधी ओल आली नव्हती. काय करू?

उत्तर: ताई, ओलीचं पुढे बघू. तुमच्या पत्रातलं मला घाबरवणारं वाक्य लेकीच्या डोकेदुखीचं आहे. हे वाचून झाल्या झाल्या गीझरचा गॅस बंद करा आणि तो आतून निघेपर्यंत पुन्हा लावू नका. तोवर स्वयंपाकघरात पाणी तापवून बादलीतून न्या. चार दिवस गैरसोय होईल, होऊ द्या.

कारण सांगतो. गॅस नीट जळायला भरपूर हवा लागते. तुमचं बाथरूम साधारण पाच बाय सात फुटांचं असेल असं धरतो, तेवढ्या बंद खोलीत ती पुरत नाही. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडर गळला तर आपल्याला वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरून बसतो आणि मग शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. सुरुवात अशीच होते: डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, पायातलं बळ जातं. पित्तासारखंच वाटतं, म्हणून सासूबाईंना दोष देऊ नका. पण आंघोळीनंतरच त्रास होतो आणि मोकळ्या हवेत आल्यावर उतरतो, हे लक्षण पित्ताचं नाही.

लेकीला डॉक्टरांकडे न्या आणि "बंद बाथरूममध्ये गॅस गीझर होता" हे शब्द आठवणीने सांगा. नाहीतर तेही पित्ताचीच गोळी देतील. आणखी एक, कोविडपासून घरोघरी आलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेलं वाटतं, त्यामुळे ९८-९९ आकडा दिसला तरी त्यावर विसंबू नका. कुणी आत कोसळलंच तर दार उघडून आधी माणसाला बाहेर मोकळ्या हवेत आणायचं, गॅस बंद करायचा आणि १०८ ला फोन करायचा.

गीझर बाहेर काढणं म्हणजे काय, तेही स्पष्ट सांगतो. गीझर आणि सिलिंडर दोन्ही बाहेर, मोकळ्या हवेत पण पावसाच्या आडोशाला, आत फक्त गरम पाण्याची पाइप. बाथरूमच्या खिडकीला खेटून नको, नाहीतर तीच हवा पुन्हा आत येते. बंद डक्टमध्येही नको. अशी जागा नसेल तर १५ लिटरचा विजेचा गीझर घ्या. त्याला अर्थिंग पक्कं हवं आणि शॉक लागताच वीज तोडणारं आरसीसीबी हवं. इलेक्ट्रिशियनला हे नाव घेऊनच सांगा.

आता ओलीकडे येतो, आणि तिथेही हाच गीझर सापडतो. सिलिंडरचा एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. गॅसमधला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून ते होतं, ज्योत कितीही निळी असली तरी. एका आंघोळीला १०० ग्रॅम गॅस जळला असं धरलं, तर दीडशे ग्रॅमच्या वर पाणी नुसत्या ज्योतीतून तुमच्या बाथरूममध्ये येतं. बादलीतल्या कढत पाण्याची वाफ वेगळीच.

आणि ती खोली किती पाणी पोटात घेऊ शकते? पाच बाय सात, उंची आठ फूट, म्हणजे साधारण आठ घनमीटर हवा. २५ अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २३ ग्रॅम बाष्प धरते. म्हणजे सगळ्या बाथरूमची हवा मिळून जेमतेम १८० ग्रॅम, चहाचे दोन छोटे कप. पावसाळ्यात बाहेरची हवाच नव्वद टक्के भरलेली असते, तेव्हा उरलेली जागा चार चमच्यांएवढीही नाही. आंघोळीची वाफ हवा गरम करते, त्यामुळे थोडी जास्त मावते, पण ती हवा गार भिंतीला टेकली की तिथेच पाणी सोडते. तुमच्या भिंतींना फुटणारा घाम तो हाच. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं, तसं.

पश्चिमेचाच कोपरा का? कोल्हापुरात पावसाचा मारा त्याच बाजूने येतो. भिजलेली भिंत घरातली सगळ्यात गार भिंत असते, आणि वरच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि स्लॅब एकत्र येतात, हवा हलत नाही. पहिला थेंब तिथे धरतो, पहिली बुरशीही तिथेच. टाइल्सवर ती टिकत नाही, पण पुट्टी आणि पेंटवर साबणाचा अंश, धूळ, ओल सगळं तिच्या सोयीचं असतं. तुमच्या गच्चीवर बरोबर बाथरूमच्या डोक्यावर पाण्याची टाकी असेल, तर तो स्लॅब आणखी गार राहतो. तेवढं बघून घ्या.

तुमच्या घरात ओल दोन प्रकारची आहे आणि ठेकेदार दोन्हींना एकच औषध देतोय. छताची ओल वाफेची दिसते, बेडरूमच्या भिंतीची गळतीची. वाफेवर वॉटरप्रूफिंगचा काही उपयोग नाही. अभेद्य केलेल्या भिंतीवरही वाफ तशीच धरेल, उलट पाणी आत मुरायचं थांबलं की जास्त ओघळेल. मी हे ठामपणे सांगतो, कारण आमच्याच घरी ही चूक झाली आहे. आईच्या बाथरूमच्या छताला असेच ठिपके आले होते. गवंड्याच्या शब्दावर आम्ही गच्चीचा कोबा उखडून नवा केला. दिवाळी झाली, थंडी पडली आणि गच्चीवर थेंबभर पाऊस नसताना ठिपके पुन्हा आले. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की पाणी वरून येतच नव्हतं. आईने दोन महिने शेजारच्या घरी जाऊन आंघोळ केली होती, ते मला अजून खुपतं.

म्हणून फोडाफोडीआधी तपासणी करा. खर्च शून्य.

छतासाठी पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉइल घ्या. कोपऱ्याजवळ, जिथे रंग अजून धड आहे, तिथे छत कोरड्या फडक्याने पुसून वीतभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवस, गीझर बंदच ठेवून, बादलीतल्या गरम पाण्याने रोजच्यासारखी आंघोळ करा. थेंब फॉइलच्या तोंडाकडच्या बाजूला, म्हणजे खोलीकडे धरले असतील तर वाफ. फॉइल काढल्यावर तिच्या पाठीला आणि खालच्या छताला ओल असेल तर पाणी स्लॅबमधून येतंय, मग गच्ची आणि टाकीचे जोड बघावे लागतील. डागाच्या रूपावरूनही कळतं. गच्चीतून झिरपणाऱ्या पाण्याचा डाग तपकिरी असतो आणि त्याला नकाशासारखी कडा असते. वाफेची बुरशी मोहरी सांडल्यासारखी विखुरलेली असते. तुम्ही "ठिपके" लिहिलंय, म्हणून माझा कौल वाफेकडे आहे, पण फॉइल लावाच.

फॉइलचे दोन दिवस झाले की पेन्सिल घ्या आणि बेडरूमच्या भिंतीवर ओलीच्या कडेकडेने रेघ मारा, बाजूला तारीख घाला. मग चार दिवस त्या बाथरूममध्ये कुणीही आंघोळ करायची नाही, गीझर बंदच आहे तर तशीही खालीच सोय करा. नळाला येणारं पाणी मात्र बंद करू नका. ओल रेघेच्या बाहेर सरकली तर भिंतीतली पाइप गळते आहे, कारण पाण्याचा दाब तिच्यात चोवीस तास असतो. ओल थबकली किंवा किंचित आत आली, तर आंघोळीचं पाणी टाइल्सच्या दरजांमधून आत मुरत होतं. पावसाळ्यात भिंत पटकन वाळत नाही, त्यामुळे "वाळली का" हे बघू नका, "वाढली का" एवढंच बघा.

नळाच्या मीटरवरून गळती शोधा असं कुणी सांगेल. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेला येतं, त्यामुळे मीटरपेक्षा टाकी बरी. रात्री सगळे नळ बंद करून, वर चढणारं पाणी बंद करून टाकीत पातळीला खडूने खूण करा, पहाटे कुणी नळ उघडायच्या आत बघा. पातळी उतरली असेल तर घरात कुठेतरी गळतं आहे.

पेन्सिलच्या रेघेआधीच मला एक संशय आहे, तो सांगून टाकतो. गुडघ्याएवढी उंची म्हणजे पलीकडच्या बाजूला बहुतेक बादलीचा नळ असणार. त्या नळाचं पितळी तोंड भिंतीत जिथे शिरतं, तिथली चकती सरकवून टॉर्चने बघा. तिथला सिमेंट भरलेला भाग काळा-ओला असेल तर एका टाइलच्या मागे तुमचा सगळा प्रश्न आहे. एक टाइल फोडायची, जोड बदलायचा, टाइल परत लावायची. प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम. खालच्या स्वयंपाकघराच्या छताला काही नाही ही मोठी चांगली खूण आहे. जमीन आणि नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतलं पाणी निघून जायचं तोंड, शाबूत असावेत. खात्रीसाठी ट्रॅपच्या तोंडात फडक्याचा बोळा घट्ट बसवून जमिनीवर दोन बोटं पाणी साठवा, त्यात कपड्यांची नीळ टाका आणि २४ तास खालचं छत बघत राहा. निळसर डाग उमटला नाही तर जमीन फोडू देऊ नका, ठेकेदार काहीही म्हणो.

पुराचं म्हणाल, तर २०१९ आणि २०२१ ला नदीकाठच्या पेठांमधल्या घरांनी फार सोसलं. तळमजल्याच्या भिंतींना त्याची ओल आणि लोणा वर्षानुवर्षं छळतो, हे खरं आहे. पण विटेची भिंत जमिनीतलं पाणी कमरेच्या आसपास चढवते, अख्खा मजला नाही. वरच्या मजल्यावर गुडघ्याएवढ्या उंचीचा डाग पुराचा नसतो.

आता ॲसिड. हे मी हात जोडून सांगतो, बंद करा. टाइलला ॲसिडचं फारसं काही वाटत नाही, पण दोन टाइल्सच्या मधली दरज सिमेंटची असते आणि ॲसिड सिमेंट खातं. घासताना फसफसून फेस येतो ना, तो नुसता मळ निघत नसतो, दरजही विरघळत असते. दोन वर्षांत चोवीस वेळा. तुमच्या दरजांवरून नखाचं टोक ओढून बघा, खाच लागली किंवा वाळू हाताला आली तर पाणी तिथूनच जातंय. प्लंबरचं काम झाल्यावर दरजा खरवडून त्यांत इपॉक्सी ग्राउट हा भरायचा मसाला भरून घ्या, निदान छातीच्या उंचीपर्यंत, आणि भिंत व जमीन मिळते त्या कोपऱ्यात सिलिकॉन. इपॉक्सी महाग आहे, पण ते पाणी पीत नाही. धुवायला साधी साबण पावडर आणि ब्रश पुरे.

काळ्या ठिपक्यांना पातळ केलेलं ब्लीच चालेल. नाकातोंडाला मास्क, हातमोजे, खिडकी उघडी, आणि कोरडं खरवडायचं नाही, नाहीतर बुरशीची धूळ सगळ्या घरात जाते. आणि ब्लीच व ॲसिड एकाच दिवशी, एकाच जमिनीवर कधीच नाही. दोन्ही मिळून क्लोरीन वायू होतो. घर आवरताना याने माणसं दवाखान्यात पोचली आहेत. ॲसिडची बाटली घरातूनच काढून टाका, म्हणजे चुकून हात जायला नको.

वाफेचा बंदोबस्त दोन बाजूंनी: ती कमी निर्माण व्हावी आणि झालेली बाहेर जावी. बादलीत आधी गार पाणी, मग कढत, एवढ्याने निम्मी वाफ वाचते असं माझं निरीक्षण आहे. रिकाम्या बादलीत कढत पाणी सोडलं की भपकन ढग उठतो. कपड्यांची दोरी आजच सोडा. पिळलेल्या कपड्यांच्या बादलीतही लिटर-दोन लिटर पाणी असतं आणि ते सगळं त्याच भिंतींवर जातं. व्हरांड्यात स्टँड लावून त्यावर पंखा सोडा. आंघोळ झाली की शेवटच्या माणसाने वायपर भिंतींवरून वरून खाली फिरवायचा, मग जमिनीवरून. दोन मिनिटं लागतात. बाहेरची हवाच ओली असताना भिंतीवरचं पाणी आपोआप उडून जाईल ही आशा व्यर्थ आहे, ते ढकलूनच काढावं लागतं.

एक्झॉस्ट फॅन लावा, सहा इंची, दाराच्या समोरच्या भिंतीत, जितका उंच बसेल तितका, पाऊस आत येऊ नये म्हणून बाहेरून आपोआप मिटणाऱ्या पट्ट्यांचा. पण गीझर बाहेर निघाल्याशिवाय नाही. आत गॅस जळत असताना हा पंखा लावला तर जळालेला वायू वर जाण्याऐवजी माणसाच्या अंगावर ओढला जाऊ शकतो. दाराखाली बोटभर फट ठेवा. आत हवा यायला वाट नसेल तर पंखा नुसता घरघरतो. आंघोळीआधी लावायचा आणि नंतर वीस मिनिटं चालू ठेवायचा. वाऱ्याची झुळूक लागून लेकीला सर्दी होईल ही भीती आहे, म्हणून आंघोळीपुरती सरकती खिडकी लावली तर हरकत नाही, पंखा पुरेसा आहे. अंग पुसून, कपडे घालून ती बाहेर पडली की खिडकी सताड उघडा.

सासूबाईंचं म्हणणं मनावर घ्या, त्यात तथ्य आहे. त्यांच्या मोरीला वरच्या बाजूला उजेड आणि वारा होता, खाली शहाबादी फरशी, भिंतीला चुना. चुन्याचा गिलावा ओल घेतो आणि ऊन पडलं की परत देतो, शिवाय तो बुरशीला मानवत नाही. पाणी तापायचं अंगणातल्या बंबात, धूर आणि वाफ सगळी बाहेर. आपण मोरी घरात आणली, तिला काच लावली, भिंती प्लास्टिकने रंगवल्या आणि बंबाच्या जागी जळता गॅस आत टांगला. म्हणून छताचा रंग करताना प्लास्टिक पेंट पुन्हा लावू नका. सगळी पुट्टी खरवडून चुन्याचा हात द्या, किंवा बाथरूमसाठीचा बुरशीरोधक रंग.

पण रंगाला आत्ता हात लावायचा नाही. पाऊस पूर्ण थांबू द्या, दसऱ्यानंतर उघडीप पडली, की बेडरूमच्या भिंतीचा सुटलेला गिलावा काढून ती महिनाभर उघडी ठेवा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने पुसू नका, मीठ परत आत जातं. महिनाभरात ओल वाढली नाही तरच नवा गिलावा.

ठेकेदाराला आठ दिवस थांबायला सांगा. गीझर कुठे हलवलात, फॉइलवर थेंब कुठल्या बाजूला आले आणि ओल रेघेबाहेर सरकली का, एवढं लिहून पाठवा. लेक कशी आहे तेही कळवा.